दाल मिल अन् कृषी केंद्रासाठी फोन सिस्टीम: आधी नंबर ठरवा, डबा मंग

ताई, तुमचा प्रश्न वाचला, थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही समजन. तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे दारव्ह्याकडं, एकाच आवारात तूर डाळीची मिल, रोडला लागून कृषी केंद्र, गेटवर वजनकाटा अन् मागं गोडाऊन. माणसं अकरा. तांब्याच्या तारेवरचा एक जुना लँडलाइन आहे जो पाऊस आला की नुसती खरखर करते, अन् बाकी सगळा कारभार चार जणांच्या स्वतःच्या मोबाइलवर. खरेदी पाहणारा पोरगा मागच्या वर्षी सोडून गेला, बिलबुकावर त्याचाच नंबर छापलेला होता, अन् आता शेतकऱ्यांचे फोन त्याच्याकडं जातात अन् फोनच्या मागं मालही तिकडंच जाते. डीलरनं तुम्हाला दहा आयपी फोन (नेटच्या केबलवर चालणारे), सर्व्हर, पीओई स्विच (त्याच केबलमधून फोनला वीज देणारा) असं धरून पावणेदोन लाखाचं कोटेशन दिलं अन् तुम्ही विचारून राहिल्या की हे घेऊ, का साधं ईपीएबीएक्स घेऊ (बाहेरच्या लाइनी अन् आतले फोन जोडायचा डबा), का ते क्लाउडवालं (डबा नाही, नंबर नेटवरच्या कंपनीचा).

मी यवतमाळ-वर्धा भागात २२ वर्षांपासून हेच काम करतो, जिनिंग, दाल मिल, दवाखाने, पतसंस्था, शाळा, जिथं बोलावलं तिथं. तुमच्या कोटेशनमधलं सामान वाईट नाही, पण ते तुमच्या अडचणीवरचं औषध नाही. तुमचं नुकसान फोन खराब असल्यानं झालं नाही, नंबर दुसऱ्याच्या खिशात होता म्हणून झालं. हे जोवर सुधरत नाही तोवर दोन लाखाची सिस्टीम लावा का पाच लाखाची, पुढचा पोरगा सोडून गेला की हेच होईन.

म्हणून पहिले नंबर. कंपनीचा मुख्य नंबर कंपनीच्याच नावावर पाहिजे, अध्यक्षांच्या नावावर नाही, मॅनेजरच्या नावावर नाही, कोणाच्या भाच्याच्या नावावर तर बिलकुल नाही. तुमच्याकडं नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, जीएसटी आहे, पॅन आहे, त्याच्यावर बिझनेस कनेक्शन भेटते, संचालक मंडळाचं एक अधिकारपत्र लागते की अमुक व्यक्ती सही करन. तो कागद फाइलला लावून ठेवा, काहून की उद्या नेटवर्क बदलायचं म्हटलं तर पोर्टिंगच्या वेळी तेच अधिकारपत्र परत मागतात. खाजगी माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम ठेवता येतात, त्यात घरचे धरून गणित लवकरच संपते, अन् तो माणूस संचालक मंडळातून निघाला तर नंबर त्याच्यासंगं निघाला समजा.

आता मोबाइल नंबर ठेवायचा का लँडलाइन, ह्याच्यात एक गोष्ट लोकांच्या ध्यानात राहत नाही. मोबाइल नंबर पोर्ट होते, २०१५ च्या जुलैपासून तर देशात कुठंही होते, म्हणजे उद्या तुमच्या गावातल्या टॉवरनं दगा दिला तरी नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जाता येते. लँडलाइनचं तसं नाही. तो एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडं पोर्ट होत नाही. पण म्हणून तुमचा जुना नंबर सोडू नका ताई, हे मी हात जोडून सांगतो. तो नंबर १५-२० वर्षांपासून शेतकऱ्यांच्या डायऱ्यांत आहे, पिशव्यांवर छापून आहे, बँकेत आहे, व्यापाऱ्यांकडं आहे. एक्सचेंजमध्ये जाऊन विचारा की हाच नंबर फायबरवर घेता येते का. तांब्याचं कनेक्शन फायबरवर नेताना बऱ्याच ठिकाणी तोच नंबर राहते, फक्त अर्ज देतानाच तसं लिहून द्यावं लागते, नाहीतर लाइनमन नवीन नंबर टाकून मोकळा होते अन् मंग जुना वापस आणायला चकरा माराव्या लागतात. फायबरच्या त्या पांढऱ्या डब्याच्या मागं टेलिफोनचं छोटं भोक राहते, आवाज तिथून निघते, खरखर गेली.

सिम प्रीपेड घेऊन कपाटात ठेवू नका. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकते अन् काही काळानं दुसऱ्याला देऊन टाकतात. मुख्य नंबर पोस्टपेड घ्या, महिन्याला थोडे जास्त लागले तरी चालन.

नंबर झाला, आता डबा पाहायच्या आधी अजून एक काम, ह्याला पैसे लागत नाहीत. एक वही घ्या अन् काउंटरवर ठेवा, आठ दिवस. फोन आला की वेळ लिहा, कोण होतं ते लिहा, शेतकरी का व्यापारी का ट्रान्सपोर्टवाला का बँक, काय पाहिजे होतं, अन् उत्तर कोणाजवळ होतं. बस एवढंच. मी कुठंही नवीन काम घेतलं तर आधी हे करायला लावतो, अन् जमलं तर एक दिवस स्वतः बसतो.

एका मिलमध्ये असंच बसलो होतो, तुमच्याएवढीच, जानेवारीचा शेवट, तुरीची आवक जोरात. काउंटरवर एक पोरगी, एका हातानं पावती फाडून राहिली, फोन खांदा अन् कानाच्या मधात दाबलेला. शेतकरी विचारते, आज तुरीचा भाव काय. तिला माहीत नाही. ती फोन टेबलावर उलटा ठेवते, मागच्या दारात जाते अन् मिलकडं तोंड करून ओरडते, भाऊऽ, भाव काय निघाला होऽ. मिलचा आवाज, कोणाला ऐकू जात नाही. मंग ती चपला घालून शेडपर्यंत जाते, विचारते, वापस येते. घड्याळात साडेचार मिनिटं. तेवढ्या वेळात लाइन बिझी अन् बाहेर कोण कोण फोन लावून थकलं ते कोणालाच माहीत नाही. त्या मालकाचं म्हणणं होतं की आम्हाला लाइनी कमी पडतात, चार लाइनी पाहिजेत. त्याला पाहिजे होता काउंटर ते शेड एक इंटरकॉम, अन् काउंटरवर एक पाटी, जिच्यावर सकाळी नऊला अन् दुपारी दोनला भाव लिहायचा. दोन लाइनीत त्याचं काम आजही चालू आहे.

तुमच्याकडंही वहीत हेच निघन असं माझं मन सांगते. अन् एक अजून, तुमचे सीझन दोन आहेत. मृगाच्या आधीचे पंधरा दिवस कृषी केंद्राचे, बियाणं आलं का, अमुक वाण आहे का, अन् जानेवारी ते मार्च तुरीचे. मधल्या दिवसांत फोन शांत राहते. सिस्टीम ह्या दोन गर्दींना पुरली पाहिजे, पण दर महिन्याचं भाडं बाराही महिने बसते हे ध्यानात ठेवा.

आता डबे.

साधं ईपीएबीएक्स, ज्याला आपल्याइकडं सगळे इंटरकॉमच म्हणतात, तीन-आठचं, म्हणजे बाहेरच्या तीन लाइनी लागतील अन् आतमध्ये आठ फोन. मॅट्रिक्स, सिंटेल हे इकडच्या दुकानात भेटतात, सुटे भागही भेटतात, अन् जिल्ह्यात ते खोलून पाहणारी माणसं आहेत. ही शेवटची गोष्ट मी सगळ्यात मोठी धरतो. सिस्टीम किती भारी ह्याच्यापेक्षा ती सोमवारी सकाळी बंद पडली तर बुधवारच्या आत कोणी येईन का, हे पाहा. साध्या ईपीएबीएक्सवर साधे टेबल फोन चालतात, हजाराच्या आतबाहेर एक नग, पडला फुटला तर तालुक्यात दुसरा भेटते. आयपी फोन एकच खराब झाला तरी तीन-चार हजार, अन् तो मागवावा लागते, अन् सेटिंग करायला माणूस वेगळा.

अकरा माणसं आहेत म्हणून अकरा फोन नाही लागत. गेट किंवा काटा एक, कृषी केंद्राचं काउंटर एक, अकाउंट एक, मॅनेजर एक, मिलचं शेड एक, गोडाऊन एक. सहा झाले. दोन पोर्ट, म्हणजे डब्यावरच्या फोन जोडायच्या जागा, शिल्लक ठेवा, एखादा पोर्ट जळतेच.

दुसरी लाइन म्हणून मोबाइलचं सिम ह्याच डब्याला जोडायचं. त्याला एफसीटी म्हणतात, एक छोटं यंत्र, सिम आत टाकायचं, त्याच्यातून साधी टेलिफोनची वायर निघते, ती ईपीएबीएक्सच्या लाइनच्या पोर्टमध्ये लावली की मोबाइल नंबर ऑफिसच्या सगळ्या फोनवर वाजते. घेताना एकच गोष्ट तपासा पण पक्की तपासा, ते व्हीओएलटीईवर, म्हणजे फोर-जीवरच्या आवाजावर, चालते का. बाजारात जुने टू-जीवाले अजूनही स्वस्तात विकून राहिले, जिओचं नेटवर्क तर पहिल्यापासून फोर-जीचंच आहे, त्यात जुन्या यंत्राला आवाजच भेटणार नाही. दुकानदाराला म्हणा आठ दिवस माझं सिम टाकून माझ्या ऑफिसात चालवून दाखव, मंग पैसे. टिनाच्या शेडमध्ये रेंज मरते, तं अँटेना बाहेर काढावी लागते, पण तिची वायर पाच मीटरच्या वर नेऊ नका, लांब वायरीत सिग्नल अर्धा वायरच खाऊन टाकते. यंत्रच खिडकीजवळ बसवा अन् तिथून टेलिफोनची वायर लांब न्या, ती आवारभर आरामात चालते.

ह्या सिमवर बँकेचा ओटीपी येऊ देऊ नका. बँकेला वेगळा नंबर द्या. यंत्रात टाकलेल्या सिमचे मेसेज कोणी पाहत नाही अन् सोळा ठिकाणी जाहीर असलेल्या नंबरवर पैशाची चावी ठेवायची नाही.

डीलरनं सांगितलेलं आयपी, ते कुठं कामाचं आहे तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटन मी जुनंच धरून बसलो. तुमची उद्या दिग्रसला एक शाखा झाली, पुसदला एक झाली, अन् तिन्ही ठिकाणी चांगलं फायबर आहे, तं आयपीसारखं दुसरं काही नाही, पुसदचा माणूस तुमच्या आतल्याच नंबरवर भेटते, फोनचा खर्च शून्य. आवाजासाठी नेट काही फार लागत नाही, एका बोलण्याला जाताना अन् येताना प्रत्येकी शंभर केबीपीएसच्या आतच जाते, पण ते सलग लागते. आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदाच्या वर वेळ लागायला लागला की दोघंही एकाच वेळी बोलतात अन् एकाच वेळी थांबतात, अन् तुमच्याकडं त्याच नेटवर सीसीटीव्ही अन् पोरांचे व्हिडिओ चालू असले की हेच होते. आज तुमचं एकच आवार आहे. आज नको.

अन् आयपी कधीही घेतलं तरी पासवर्ड. माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी, नाव नाही सांगत, लावणाऱ्यानं एक्स्टेंशनचा, म्हणजे आतल्या फोनचा, पासवर्ड एक्स्टेंशनचाच नंबर ठेवला होता अन् सिस्टीम नेटला उघडी. शनिवारी रात्री कुठून तरी कोणी घुसलं अन् रविवारभर परदेशात फोन लागत राहिले, सोमवारी कंपनीचा फोन आला तेव्हा कळलं. आयएसडी बंदच ठेवा, लेखी अर्ज देऊन बंद ठेवा, तुम्हाला त्याचं काहीच काम नाही. अन् कोणी म्हटलं की सिमवाल्या यंत्राला नेट जोडून दुसऱ्या गावचे फोन इथून फिरवून देतो, स्वस्तात पडन, तर त्याला आवारात उभं करू नका. फोन कंपनीची लाइन चुकवून बाहेरचे कॉल सिममधून काढणं हा गुन्हा आहे, सिमबॉक्स म्हणून पोलीस धरतात ते हेच, अन् सापडन ते तुमच्या नावावरचं सिम.

क्लाउडवालं म्हणजे नॉलरिटी, एक्झोटेल, मायऑपरेटर असल्या कंपन्या. डबा नाही, वायर नाही, एक नंबर देतात, त्याच्यावर फोन आला की तो तुमच्या चार-पाच जणांच्या मोबाइलवर ओळीनं किंवा एकदम वाजते, कोणता फोन सुटला त्याची यादी संध्याकाळी भेटते, रेकॉर्डिंग भेटते. सुटलेल्या फोनची यादी ही फार चांगली गोष्ट आहे, मी मनापासून सांगतो, ह्या एका यादीनं धंदा सुधरलेला मी पाहिला. पण तीन गोष्टी विचारा. एक, नंबर कोणाचा, सोडून गेलो तर तो घेऊन जाता येईन का, लेखी द्या. नाहीतर मागच्या वर्षी पोराच्या खिशात होता तो नंबर आता कंपनीच्या खिशात गेला, एवढाच फरक. दोन, आलेल्या फोनचेही मिनिटं मोजतात का, काहून की बऱ्याच प्लॅनमध्ये शेतकऱ्यानं तुम्हाला लावलेल्या फोनचेही तुमच्याच खात्यातून कटतात. तीन, मोबाइलला रेंज पाहिजे, मिलच्या शेडमध्ये तुमची रेंज एक काडी आहे असं तुम्हीच लिहिलं. माझा सल्ला, आत्ता नका घेऊ, पुढं फक्त मृगाच्या अन् तुरीच्या दिवसांपुरतं तुमच्या नंबरचं फॉरवर्डिंग त्याच्यावर लावून पाहा.

ते एक दाबा, दोन दाबा प्रकरणाबद्दल. ठेवायचं तर एकच पायरी ठेवा. तूर विकायची असन तर १, बियाणं-खतासाठी २, अन् काहीच नाही दाबलं तर पाच सेकंदात काउंटरवर वाजलं पाहिजे. आपला साठीचा शेतकरी फोन कानाला लावून ऐकत राहते, तो बटण दाबायला फोन कानावरून काढत नाही, अन् त्याला तीन वेळा तेच ऐकवून फोन कापला तर तो परत लावत नाही, सरळ व्यापाऱ्याकडं जाते. आवाज तुमच्या ऑफिसातल्याच कोणाचा भरा, आपल्या बोलीत, वीस सेकंदाच्या आत. अन् रेकॉर्डिंग करत असाल तर तेही त्याच्यातच सांगून टाका. मशीनला लाइन दोन रिंग झाल्यावर उचलायला लावा, पहिल्याच रिंगला उचललं तर बऱ्याच लँडलाइनवर समोरच्याचा नंबर यायच्या आधीच लाइन उचलल्या जाते अन् स्क्रीन कोरी राहते.

आता वायरिंग, इथं मी जास्त वेळ घेईन, काहून की मी जेवढ्या सिस्टीम मेलेल्या पाहिल्या त्यातल्या अर्ध्या आभाळातल्या विजेनं मारल्या.

काही वर्षांआधी एका जिनिंगमधून फोन आला, रोहिण्यांचा पहिला गडगडाट झाला होता रात्री. गेलो तर भिंतीवरच्या ईपीएबीएक्सचं झाकण काढल्याबरोबर जळका वास, कार्डावर काटकोनात काळा ओघळ, वजनकाट्याच्या पोर्टजवळचं प्लास्टिक पापडासारखं फुगलेलं. वीज इमारतीवर पडलीच नव्हती. काट्यापर्यंत साडेतीनशे फूट वायर बाभळीच्या खांबांवरून उघडी नेली होती, जवळपास कुठं तरी पडली, वायरीनं ओढून आणली अन् आठही पोर्ट, अकाउंटचा कॉम्प्युटर, सगळं संगंच गेलं. ती वायर मीच टाकली होती. मालकानं पाइपचा खर्च नको म्हटलं अन् मी ऐकलं. त्या दिवसापासून कोणी नको म्हटलं तर मी कामच घेत नाही.

म्हणून ऑफिसच्या भिंतीच्या बाहेर जाणारी प्रत्येक वायर जमिनीखालून, पाइपातून, अन् आत येते तिथं लाइनचा सर्ज प्रोटेक्टर, ज्याच्या आत जीडीटी राहते (जास्तीची वीज अर्थिंगला सोडणारी गॅसची नळी), अन् त्याला खरं अर्थिंग. खरं म्हणजे मीटरच्या खांबाला गुंडाळलेली तार नाही, वेगळा खड्डा, अर्थिंगची इलेक्ट्रोड, उन्हाळ्यात पाणी टाकायची सोय. काळ्या मातीत ओल असली की अर्थिंग छान भेटते, पण एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात अन् इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते, तेव्हा खडखडीत कोरडं अर्थिंग काहीच कामाचं राहत नाही, अन् पहिली वीज नेमकी त्याच्यानंतरच येते. मे संपायच्या आत एकदा पाणी टाका, जोड घासून आवळून घ्या.

तुमचा काटा ऑफिसपासून चारशे फुटांवर आहे म्हणता. नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंतच चालते, म्हणजे ३२८ फूट, त्याच्या पुढं नाही. डीलरनं काट्यावर आयपी फोन लिहिला पण मधात काही लिहिलं नाही, म्हणजे त्यानं जागा पाहिलीच नाही. साधा फोन चारशे काय, हजार फुटांवरही आरामात चालते. पण काट्यावर कॅमेरा अन् कॉम्प्युटरही नेणार असाल तर तिथं फायबर टाका, दोन्ही टोकाला मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारा डबा), काचेतून वीज येत नाही. फक्त केबलमध्ये ताणासाठी लोखंडी तार असली तर ती दोन्हीकडं डब्याच्या आधीच कापून टाकायला सांगा, किंवा बिनलोखंडाची केबल घ्या, नाहीतर काच सोडून वीज त्या तारेनं येईन.

डबा कुठं बसवता तेही महत्त्वाचं. आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ सावलीत राहते, टिनाच्या खाली पन्नासच्या वर जाते, अन् ह्या बऱ्याच डब्यांवर ४०-४५ डिग्रीच लिहून राहते. टिनाला लागून वर बसवू नका, बंद कपाटात नको, ऑफिसच्या आतल्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर बसवा. मिलचा भुसा अन् चुनीची धूळ आत जाते, दिवाळीला घर झाडता तसा डबाही बंद करून ब्लोअरनं झाडा. उंदीर तर आहेतच, गोडाऊनमध्ये वायर पीव्हीसी केसिंगमध्ये नको, कडक पाइपात. अन् मिलच्या शेडमध्ये साधी घंटी ऐकू येत नाही, तिथं मोठा हूटर किंवा लाइट लागणारा रिंगर लावा, तो वेगळा मागावा लागते, डीलर आपल्या मनानं लिहीत नाही.

लाइट. तांब्याच्या लाइनला एक्सचेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, गावात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरचं तसं नाही, तुमची लाइट गेली की तुमचा फोन गेला. फायबरचा डबा, राउटर, ईपीएबीएक्स, एफसीटी सगळे मिळून ४० वॅटच्या आसपास खातात, म्हणजे एका पंख्याच्याही खाली. तुमच्याकडं १५० एएचची बॅटरी आहे, तिच्यावर फक्त एवढंच ठेवलं अन् पंखे काढून टाकले तर रात्र आरामात निघते. पण इन्व्हर्टर लाइट गेल्यावर पलटी मारते त्या क्षणभरात फायबरचा डबा बंद होऊन परत सुरू होते, दोन-तीन मिनिटं जातात, अन् आपल्याकडं दिवसातून दहा वेळा लाइट जाते. त्याच्यासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस भेटते, राउटरचा, हजार-दीड हजारात, तो मधात लावा, डबा बंदच होणार नाही.

व्हॉट्सॲप सोडून आज आपला धंदा नाही, तर त्याचंही. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइन नंबरवरही निघते हे पुष्कळांना माहीत नाही. नोंदणी करताना मेसेजच्या ऐवजी कॉल करा असं निवडायचं, फोन वाजते, मशीन सहा आकडे बोलते, ते टाकायचे. फक्त त्या वेळी ते एक दाबा दोन दाबा बंद ठेवा अन् फोन थेट हातानं उचला, नाहीतर मशीन मशीनला आकडे सांगत बसते. म्हणजे शेतकऱ्याजवळ असलेला जुनाच नंबर व्हॉट्सॲपचाही झाला. ऑफिसचा एक फोन त्याच्यासाठी वेगळा ठेवा, त्याला अजून चार ठिकाणी जोडता येते, कॉम्प्युटर धरून. सकाळचा भाव स्टेटसला टाका, निम्मे फोन तिथंच कमी होतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधला टू-स्टेप, म्हणजे दुसऱ्या पायरीचा, पिन लावा अन् तो संचालकांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, पोराच्या डोक्यात नको.

फोन बसवून घेताना डीलरकडून हे लिहून घ्या: प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड आमचा, लाइट जाऊन आली तरी सेटिंग तशीच राहीन, कोणता पोर्ट कुठं जाते त्याचा कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला, अन् समोरच्यानं फोन ठेवला की लाइन आपोआप सुटते हे करून दाखवणार. शेवटचं तुमच्यासमोरच तपासा. बाहेरून मोबाइलनं फोन लावा, मशीनला उचलू द्या, काही न बोलता कापा, अन् पाहा लाइन मोकळी होते का. एफसीटी अन् ईपीएबीएक्सचं जमलं नाही की लाइन अडकून बसते, ऑफिसात सगळं शांत दिसते अन् बाहेर सगळ्यांना बिझी. लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावं लागते, १५ जानेवारी २०२१ पासून, ते शून्य मशीनलाच लावायला शिकवा म्हणजे स्टाफची चिडचिड नाही. संध्याकाळी सातनंतर काउंटरची घंटी बंद अन् गेटवर चौकीदाराजवळची चालू, अशी नाइट सेटिंगही त्याच दिवशी करून घ्या.

असं धरलं तर तुमचं ईपीएबीएक्स, सहा फोन, एक एफसीटी, पाइप, अर्थिंग, प्रोटेक्टर, मजुरी सगळं मिळून माझ्या अंदाजानं चाळीस-पंचेचाळीस हजारात बसावं, त्यात अर्धा पैसा जमिनीखाली जाईन अन् तो तिथंच जाऊ द्या. भाव गावागावात बदलतात, दोन कोटेशन घ्या.

राहिला त्या पोराचा नंबर. तो त्याचा आहे, त्याच्यावर भांडून काही होणार नाही, पण त्याला माणसाच्या मार्फत एकदा विचारा, तुरीचा सीझन संपेपर्यंत तो नंबर दे म्हणून नाही, फक्त कंपनीसाठी आलेल्या फोनवाल्याला नवीन नंबर सांगशील का म्हणून, बहुतेक जण हो म्हणतात. जुनी बिलबुकं जाळू नका, त्याच्यावर नवीन नंबरचा रबरी शिक्का मारून संपवा. बाकी स्टाफच्या मोबाइलवर आज जे फोन येतात, तेही आत्ताच वळवायला लागा. फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग राहते, त्यात उचलला नाही तर ऑफिसला जा, एवढंच लावा. *४०१# दाबून फॉरवर्ड करायची जुनी सोय एप्रिल २०२४ पासून बंद केली, फसवणुकीपायी, त्यामुळं सेटिंगमधूनच करा, अन् स्टाफला सांगून ठेवा की फोनवर कोणी स्टार लावून आकडे दाबायला सांगितले तर दाबायचे नाहीत.

वही आठ दिवस भरली की तिच्या पानांचे फोटो टाका, अन् आवाराचा हातानं काढलेला नकाशा, काटा कुठं, शेड कुठं, मीटर कुठं. कोणता फोन कुठं अन् पाइप कुठून न्यायचा ते मी त्याच्यावरच काढून देतो. पाइपाचा खड्डा मेच्या आधी झाला पाहिजे, नंतर काळी माती खोदू देत नाही.